पाळकाचे खांदे कोण शेकणार?

विदर्भातल्या सर्व मंडळ्यांचे बिशप, अधीक्षक, मिशनप्रमुख आणि सेमिनरींचे प्राचार्य यांस,

सप्रेम जय ख्रिस्त.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पाळक आहे. दीक्षा होऊन सतरा वर्षं झाली. मुख्य मंडळी गावात, आणि भोवतालच्या सहा खेड्यांत पाच-दहा घरांच्या लहान मंडळ्या. पत्राखाली नाव घातलेलं नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ती माणसं माझ्या नावावरून लगेच ओळखू येतील. त्यांची घरं कळू नयेत म्हणून काही तपशीलही बदलले आहेत.

कापूस वेचणीचे दिवस होते. आमच्या एका खेड्यातला छत्तिशीतला गडी, उपासनेत ढोलकी वाजवणारा, फवारणीचं औषध प्यायला. ग्रामीण रुग्णालयातून शवविच्छेदन होऊन संध्याकाळी त्याला घरी आणलं. मी गोठ्याजवळ उभा होतो. त्याची आठ वर्षांची मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाबानं औषदच पेलं नं, मंग बरे काऊन नाई झाले?"

आपल्याकडे विषाला औषध म्हणतात. जन्मभर म्हणत आलो, त्या दिवशी पहिल्यांदा तो शब्द कानाला कळला. मला उत्तर सुचलं नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली, दुसऱ्या दिवशी दफनविधी केला आणि त्याच संध्याकाळी चर्चच्या वीजबिलावर कमिटीच्या बैठकीत दोन तास बसलो. पुढच्याच आठवड्यात शेजारच्या खेड्यात आणखी एक दफन झालं. तेही तसंच.

त्यानंतरच्या रविवारी प्रभुभोजनाचा प्याला उचलला आणि मला फवारणीच्या औषधाचा वास आला. प्याल्यात द्राक्षरस होता, वास माझ्या डोक्यात होता. हात थरथरायला लागले. पुढचे चार महिने प्रभुभोजनाच्या दर रविवारी ते होत राहिलं. कोणाला बोललो नाही. बायकोला वाटलं साखर वाढली. तिने आरोग्य केंद्रात नेऊन तपासली, साखर ठीक निघाली.

मग एक दिवस घरभेटीला गेलो असताना मंडळीतल्या एका म्हाताऱ्या आजीने विचारलं. ओट्यावर बसून तुरी पाखडत होती. सूप थांबवलं, माझ्याकडे पाहिलं. "आमचं सारं तुमी आयकता पाळकसायेब. तुमचं कोन आयकते?"

परतीच्या वाटेवर, पंधरा किलोमीटर मोटारसायकलवर, मी मनाशी नावं काढत होतो. कमिटीत कोणाला सांगावं, तर उद्या सात गावांत ते पोचणार. सेक्रेटरी माझ्या साडूचा भाऊ. साहेबांना सांगावं, तर पुढच्या बदल्यांच्या वेळी ते त्यांच्या लक्षात राहणार. शेजारच्या पाळकबंधूंना सांगावं, तर आम्ही वर्षातून दोनदा परिषदेत भेटतो आणि तिथे प्रत्येक जण प्रभुकृपेने सर्व ठीक असल्याचं सांगतो. मीही तेच सांगतो. बायकोला सांगावं, तर मंडळीचं अर्धं ओझं आधीच तिच्या डोक्यावर. घर आलं तरी एक नाव निघालं नव्हतं.

हे माझं एकट्याचं दुःख असतं तर खुलं पत्र लिहिलं नसतं. पाळकाला ऐकणारं कोणी नसलं की त्याची किंमत मंडळीतले लोक मोजतात. ते मला एका मुलीमुळे कळलं. लग्नाला तीन वर्षं झालेली, नवरा मारायचा. ती माझ्याकडे आली. मी सगळं ऐकून घेतलं, शास्त्र उघडलं, प्रार्थना केली आणि म्हणालो, सहन कर, प्रभू त्याचं मन बदलेल. ती गेली. दोन महिन्यांनी परत आली तेव्हा तिचा डावा हात प्लॅस्टरमध्ये होता.

तोपर्यंत बारा वर्षं पाळक होतो. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ साली झालेला आहे आणि त्यासाठी सरकारचे संरक्षण अधिकारी असतात, हे मला वरवर ठाऊक होतं. तरी तोंडातून 'सहन कर' का निघालं, याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नसतं. आणि ते विचारणारंही कोणी नव्हतं. महिन्याच्या रिपोर्टात मी त्या दिवसासमोर 'घरभेटी व समुपदेशन : ४' असं लिहिलं. रिपोर्ट मंजूर झाला.

आजीच्या त्या प्रश्नानंतर, एका मित्राच्या ओळखीने, मी अमरावतीला एका बाईंकडे जायला लागलो. त्या निवृत्त परिचारिका-शिक्षिका. वेल्लोरला त्यांनी समुपदेशन आणि पाळकीय सेवेचं प्रशिक्षण घेतलेलं. माझ्या मंडळीच्या नाहीत, माझ्या साहेबांना ओळखतही नाहीत. दर दीड महिन्याने मंगळवारी सकाळची एसटी धरतो, दीड तास बसतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतो. भाडं माझं, रजा माझी.

पहिल्या दिवशी त्यांनी रेघांच्या कागदावर आमचा करार लिहिला. इथे बोललेलं बाहेर जाणार नाही. मात्र एखाद्या लेकराला धोका असेल, कोणाच्या जिवाला धोका असेल, तर ते झाकलं जाणार नाही, आणि तेव्हा काय करायचं ते आधी तुम्हाला सांगून करीन. खाली दोघांच्या सह्या. मग म्हणाल्या, "पास्टर, कामातली एक गोष्ट सांगा. जी पुन्हापुन्हा आठवते ती."

मी त्या मुलीची गोष्ट सांगितली. त्यांनी ती जशी घडली तशी, शब्दाला शब्द सांगायला लावली. ती कुठे बसली होती? तुम्ही कुठे होता? दार उघडं होतं का? बाहेर कोण होतं? ती बोलत असताना तुम्ही घड्याळाकडे पाहिलं का? (पाहिलं होतं. खेड्यावर सभा होती.) मग विचारलं, "'सहन कर' म्हणालात तेव्हा डोळ्यांसमोर कोण होतं?" मी एक वचन सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. उठून चहाचं आधण ठेवलं, परत येऊन बसल्या. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. बऱ्याच वेळाने माझ्या तोंडून निघालं, "माझी आई."

माझ्या वडिलांची दारू आईने पंचवीस वर्षं सोसली. शेवटी वडील सुटले, चर्चला यायला लागले. आईचं सोसणं फळाला आलं, असं आमच्या घरात सगळे मानत आले, मीही. आईच्या आयुष्याचा तो हिशेब मी त्या मुलीच्या पाठीवर मांडला होता, आणि हे मला साठ मैलांवर एका परक्या बाईंच्या खोलीत, वयाच्या पंचेचाळिशीत कळलं. पुढच्या वर्षी अशीच एक बाई आली तेव्हा मी आधी तिचं म्हणणं ऐकलं, घड्याळ पाहिलं नाही आणि तिच्या सांगण्यावरून तिच्या भावाला सोबत घेऊन संरक्षण अधिकाऱ्याकडे गेलो. प्रार्थनाही केली. ती गाडीत बसल्यावर केली.

प्याल्याच्या वासाबद्दल बोलायला मला चार भेटी लागल्या. आता वास येत नाही.

ज्याला इंग्रजीत सुपरव्हिजन म्हणतात ते हे. हा शब्द आपल्याकडे वापरायचा म्हटलं की माझीच जीभ अडखळते. आपल्या भागात सुपरवायझर म्हणजे जिनिंगमधला नाहीतर रोजगार हमीच्या कामावरचा, मस्टर घेऊन उभा असलेला. पर्यवेक्षण म्हटलं की अंगणवाडीच्या ताईंना रजिस्टर तपासणाऱ्या मॅडम आठवतात. तपासणी आपल्याकडे भरपूर आहे. खरं तर आशाताईंना निदान गटप्रवर्तक तरी असते, महिन्याला बैठक असते, एखादं बाळंतपण बिघडलं तर कोणीतरी विचारतं. पाळकाला अर्पण किती आलं ते विचारतात.

मला त्या कामासाठी एकच जवळची गोष्ट आठवते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वडील लोणी आणि हळद घेऊन बसायचे. घरात हात उचलणारा तो माणूस, पण त्या संध्याकाळी त्याचा हात किती हळू फिरायचा. चोळताचोळता ते खांदा दाबून पाहायचे. कुठे सूज आहे, कुठे कातडं सोललंय, जू कुठे घासतंय. बैल अंग चोरायचा ती जागा त्यांना बरोबर सापडायची, आणि दुसऱ्या दिवशी पोळा झाला की जू तासून घेतलं जायचं. माया करणारा हात आणि जखम शोधणारा हात एकच होता. चांगल्या सुपरव्हिजनमध्ये हेच होतं. ब्रिटनमध्ये समुपदेशकांच्या प्रशिक्षणात ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८०च्या दशकात या कामाची तीन अंगं मांडली: माणसाचं कौशल्य वाढवणं, त्याला मर्यादेत आणि जबाबदारीत ठेवणं, आणि थकलेल्याला पुन्हा उभं करणं. आमच्या गोठ्यात तिन्ही एका संध्याकाळी व्हायची.

एक फरक मात्र मोठा आहे. बैलाला बोलता येत नाही, म्हणून मालकाचा हात चालतो. पाळकाला बोलून दाखवावं लागतं, आणि मालकापुढे कोणी बोलत नाही. आदरणीय साहेब, तुमच्यातले कितीतरी जण मायाळू आहेत. 'माझं दार सदैव उघडं आहे' असं तुम्ही परिषदेत सांगता आणि मनापासून सांगता. पण बदलीचा कागद तुमच्या हातात आहे. माझ्या मुलीची दहावी कुठल्या गावात होणार ते तुमच्या सहीवर ठरतं. ज्यांच्या हातात तो कागद आहे त्यांच्यापुढे बसून 'प्रभुभोजन देताना माझे हात कापतात' असं मी सांगू शकत नाही. सांगितलं तर तुम्हीही अडचणीत याल, कारण ऐकलेलं विसरून तुम्हाला निर्णय घेता येणार नाही. तुमची देखरेख लागतेच, ती राहू द्या. तिच्या जोडीला एक कान असा द्या ज्याच्या हातात पेन नाही.

ऑस्ट्रेलियात संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने पाच वर्षांच्या कामानंतर डिसेंबर २०१७मध्ये अंतिम अहवाल दिला. धार्मिक सेवेतल्या प्रत्येकाला, प्रमुखांनाही, प्रशिक्षित माणसाकडून सुपरव्हिजन मिळावं आणि तो माणूस त्या संस्थेपासून काही प्रमाणात स्वतंत्र असावा, अशी त्यांची शिफारस आहे. तिथल्या मंडळ्यांना हे शहाणपण लेकरांच्या अश्रूंनंतर आलं. एकटा पडलेला, कोणाला उत्तर न देणारा, सगळ्यांनी ज्याच्या पाया पडावं असा सेवक किती धोक्याचा होऊ शकतो ते त्यांनी पाहिलं. आपल्याकडेही पोक्सो कायदा २०१२पासून आहे आणि अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना न कळवणं हा त्यात गुन्हा आहे. आपल्या किती सुवार्तिकांना, संडे स्कूलच्या किती शिक्षकांना हे कोणी समोर बसवून सांगितलं आहे?

'ऐकायला प्रभू आहे ना' असं मला एका वडीलधाऱ्यांनी म्हटलं. आहेच. पण मार्काच्या सहाव्या अध्यायात प्रभूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं, आणि ते परत आले तेव्हा त्यांनी जे केलं, जे शिकवलं, ते सगळं त्याला येऊन सांगितलं. मग तो त्यांना म्हणाला, एकांती चला, जरा विसावा घ्या. सांगायला वेळ, ऐकायला माणूस, मग विसावा. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं आणि झोपू दिलं. दोनदा. आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे ऐकणाऱ्या मोशेला, हे तुझं काही ठीक चाललं नाही, असं तोंडावर सांगितलं ते त्याच्या सासऱ्याने. तो इस्राएलाच्या छावणीबाहेरून आलेला माणूस होता. प्रत्येक वेळी मला हेच वाटतं की आतल्या कोणाची ते बोलायची हिंमत झाली नसती.

मेळघाटातल्या एका तरुण सुवार्तिकाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. कोरकू पाड्यांवर एकटा काम करायचा. फोनला रेंज हवी तर टेकडी चढावी लागायची. पावसाळ्यात आठ-आठ दिवस वाट बंद. एका प्रार्थनासभेवरून गावात वाद झाला, पोलीस पाटलाकडे बसावं लागलं, आणि त्या महिन्यात त्याने रिपोर्टात पाठवलं ते सभांची संख्या आणि घरभेटींची संख्या. वादाचा रकानाच फॉर्मात नव्हता. तीन वर्षांनी तो एक दिवस निघून गेला. आता पुण्याकडे सिक्युरिटीत आहे. परिषदेत त्याच्याबद्दल 'पाचारण पक्कं नव्हतं' असं बोललं गेलं. मी तिथे गप्प बसलो, त्याची मला लाज आहे.

प्रत्येक पाळकाला असा ऐकणारा देणं, यात करता येणार नाही असं काही नाही. सगळ्यात मोठी अडचण गुप्ततेची, आणि ती खरी आहे. आपला समाज लहान, प्रत्येक जण प्रत्येकाचा पाहुणा. यवतमाळच्या पाळकाने एखादी गोष्ट सांगितली तर ती अचलपूरच्या लग्नात त्याच्याआधी पोचते. म्हणून माझं मागणं आहे की ऐकणारा दुसऱ्या पंथाच्या मंडळीचा असावा. अकोला-खामगावकडे अलायन्स, यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट, वाशिम-बुलढाण्याकडे नाझरीन, नागपूरकडे उत्तर भारतीय मंडळी. मिशनऱ्यांच्या काळात पडलेल्या या वाटण्या इथे आपल्या उपयोगी पडतील. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या आपापली जुनी नावं बाजूला ठेवून नागपुरात एक झाल्या आणि ही उत्तर भारतीय मंडळी उभी राहिली. तेवढं मोठं मी मागत नाही. तुमचे दोन जाणते लोक आमच्यासाठी, आमचे दोन तुमच्यासाठी, एवढंच.

असे लोक आहेत. मिशन दवाखान्यांतून निवृत्त झालेल्या परिचारिका, शिक्षिका, काही निवृत्त पाळक. त्यातल्या बारा-पंधरा जणांना नीट प्रशिक्षण द्या. निवृत्त पाळक आहे म्हणून त्याला ऐकता येतंच असं नाही, उलट आम्हाला बोलायची सवय फार, त्यामुळे प्रशिक्षण खरंच द्या आणि त्यांनाही कोणाकडे तरी बसवा. यात निम्म्या स्त्रिया असाव्यात. बायकांमध्ये वचन सांगणाऱ्या बायबलवुमन आणि पाळकीणबाईंना हे मिळालंच पाहिजे. पाळकीणबाई बिनपगारी, बिननावाची सेवा करतात आणि त्यांचं तर म्हातारी आजीसुद्धा विचारत नाही.

नवी दीक्षा झालेल्यांसाठी आणखी एक वेगळी गोष्ट हवी, वडीलधारा सोबती. दफनविधीला काय बोलावं, कमिटीत भांडण झालं तर कुठे बसावं, हिशेबाची वही कशी ठेवावी, हे त्याने हाताला धरून शिकवावं. पहिली दोन वर्षं तरी. सुपरव्हिजन आणि ही सोबत एकच समजू नका. सोबती स्वतःची वाट दाखवतो. बाईंनी मला त्यांची वाट कधी दाखवली नाही, माझीच पाहायला लावली. प्राचार्यांना विनंती अशी की १९५३ साली यवतमाळला सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्याला गेली, तेव्हापासून आमच्यासाठी शिकवणारी माणसं लांब गेली. तुमच्यातल्या कोणी वर्षातून आठ दिवस इकडे येऊन हे शिकवावं. आम्ही जमवू, जेवूखाऊ घालू.

भेटीचा दिवस कामाचा दिवस धरा आणि एसटीचं भाडं मंडळीने द्यावं. पैशाबद्दल मी एवढंच म्हणेन की वार्षिक सभांच्या मंडपाला आणि लाउडस्पीकरला आपण कधी नाही म्हणत नाही. आणि बिशपसाहेब, अधीक्षकसाहेब, सुरुवात तुमच्यापासून करा. तुम्हीही कोणाकडे तरी बसता असं आम्हाला कळलं तर आमच्यातला कोणी त्याला कमकुवतपणा म्हणणार नाही.

या जूनमध्ये आमच्या शेजारच्या मंडळीत एक नवा पाळक आला आहे. सव्वीस वर्षांचा, गळा गोड, लेकरं त्याच्यामागे धावतात. गेल्या गुरुवारी तो माझ्याकडे आला. त्याच्या गावात पहिलं तसं दफन झालं होतं. खूप वेळ बोलला नाही. चहा गार झाला. मग म्हणाला, "काका, मला तिथला गोठा सारखा दिसतो." मी त्याचं ऐकलं, पण मी त्याच्याच पंथाचा, आणि पुढच्या परिषदेत त्याच्या कायमपणाच्या अर्जावर माझाही अभिप्राय मागतील. अमरावतीच्या बाई आता सत्तरीच्या पुढे आहेत, नवीन माणूस घेत नाहीत. त्याला कोणाचा नंबर देऊ, एवढं कळवा.

प्रभूच्या सेवेत तुमचा,
यवतमाळ जिल्ह्यातला एक पाळक